गोपनीय शाखेच्या पद्धतीने केलेली खरेदी

खासगीपणा हा प्रत्येक माणसाचा मूलभूत अधिकार आहे आणि तो मिळवण्यासाठी सुरुवातीला फक्त आपली संपूर्ण माहिती द्यावी लागते. हे मी ऐकीव सांगत नाही. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गेली सव्वीस वर्षं मी लोकांच्या अत्यंत खासगी कागदांवर पोट भरतो आहे (दोन्ही बाजू हव्या असल्यास जादा आकार). कोणाचं वय दाखल्यात किती आणि बोलण्यात किती, कोणाच्या घरी वाटणीचा दावा चालू आहे, कोणाला डॉक्टरांनी काय खायचं बंद केलंय, हे सगळं माझ्या मशीनमधून गरम गरम बाहेर पडतं. मी त्यातलं काहीही वाचत नाही. नजर आपोआप जाते, तिला कोण काय करणार.

त्यामुळे आमच्या साडूंनी 'कोणालाही कळू न देता' क्रिप्टो घ्यायचं ठरवलं आणि ते पहिल्यांदा माझ्याकडे आले, यात नवल नव्हतं. क्रिप्टो म्हणजे डोळ्यांना न दिसणारं, हाताला न लागणारं चलन. ते कोणी छापत नाही, त्याची हमी कोणी घेत नाही, आणि म्हणूनच त्यावर लोकांचा विश्वास आहे. त्याचा मुख्य गुण असा सांगतात, की ते कोणाकडे किती आहे हे कोणाला कळत नाही. साडूंना हा गुण फार आवडला.

साडू परीक्षा मंडळाच्या गोपनीय शाखेत वरिष्ठ सहायक होते आणि निवृत्तीला आठ महिने उरले होते. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पेपर फुटला नव्हता. शाखेचा नियम एकच: ज्याच्या हाती वस्तू, त्याच्या डोळ्यांआड मजकूर. पेपर काढणाऱ्याला आपला पेपर निवडला की नाही हे कळत नाही. छापणाऱ्याला तो कुठल्या वर्षाचा हे कळत नाही. मोजणारा कागद पालथे ठेवून मोजतो आणि लाखेची मोहोर लावणारा मोहोर सोडून कुठेही बघत नाही. शाखा इतकी चोख चालते, की ती कुठल्या मजल्यावर आहे हे तिच्या साहेबांना दोन वर्षं माहीत नव्हतं.

घरी मात्र साडूंची परिस्थिती उलट होती. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, हिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताई शिवणकाम करतात. त्यांचं मशीन स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या बोळात आहे. बोळाची रुंदी साडेतीन फूट, त्यातले दोन फूट मशीनचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे थांबावंच लागतं, ताई कापड आवरेपर्यंत काहीतरी बोलावंच लागतं, आणि बोलता बोलता माणूस नको ते बोलून जातो. माझ्या अंदाजाने आमच्या नात्यातल्या दर शंभर गुपितांपैकी एकोणनव्वद त्या बोळातून जातात. उरलेली अकरा माझ्या दुकानातून जातात.

परिणाम असा, की साडूंची कुठलीच बातमी साडूंना ताईंना सांगता आलेली नाही. त्यांची बढती ताईंना दोन दिवस आधी कळली. त्यांचं अपेंडिक्स दुखतंय हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या बायकोने ब्लाउजचं माप देताना सांगितलं. साडू घरी येऊन तोंड उघडायचे आणि ताई म्हणायच्या, "हो, कळलं मला."

तेव्हा साडूंचा बेत असा होता. गॅलरी बंद करून ताईंना मशीनसाठी एक खोली करून द्यायची, दार असलेली. तीस वर्षं लोक त्यांचं कापड ओलांडून जात होते. त्यासाठी लागणारी रक्कम क्रिप्टोत वाढवायची आणि निवृत्तीच्या दिवशी ताईंना सांगायचं. "आयुष्यात एकदा," माझ्या काउंटरवर दोन्ही हात ठेवून साडू मला म्हणाले, "मला तिला अशी गोष्ट सांगायचीय, जी तिला आधीच माहीत नाही."

ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. फक्त आमच्या हिला सांगितली.

आता कार्यपद्धतीकडे येऊ. ज्या कंपनीच्या अ‍ॅपवर साडूंनी खातं उघडलं, तिचं ब्रीदवाक्य 'तुमची ओळख, फक्त तुमची' असं होतं. ओळख फक्त साडूंची राहावी म्हणून कंपनीने पुढील गोष्टी मागितल्या: ओळखपत्र, दोन्ही बाजू. पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल. बिल ताईंच्या नावावर असल्यामुळे ताईंचं ना-हरकत पत्र. सहीचे तीन नमुने, उत्पन्नाचा दाखला, आईचं माहेरचं आडनाव, पहिल्या शाळेचं नाव आणि लहानपणीचा आवडता प्राणी. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर साडूंनी आजवर सख्ख्या भावालाही दिलं नव्हतं. (ससा.)

सोबत कंपनीचं खासगीपणाविषयीचं धोरण होतं, पानं चौऱ्याहत्तर. पहिल्या पानावर कंपनी तुमच्या खासगीपणाची कदर करते असं म्हटलं होतं. उरलेल्या त्र्याहत्तर पानांवर, ही माहिती ज्यांना दिली जाईल आणि जे तिची तितकीच कदर करतील, अशा दोनशे बारा संस्थांची यादी होती. साडूंनी सगळं वाचून प्रत्येक पानावर सही केली. कंपनीने सही मागितली नव्हती, पण शाखेची सवय.

चेहऱ्याच्या तपासणीला जरा वेळ लागला. फोनपुढे उभं राहायचं, मान डावीकडे, मान उजवीकडे, डोळ्यांची उघडझाप, मग हसायचं. कंपनीने साडूंना तीनदा नापास केलं. कारण: 'चेहरा जिवंत व्यक्तीचा असल्याची खात्री पटत नाही.' गोपनीय शाखेत हसण्याचा प्रसंग येत नाही, आणि आलाच तर नोंद करावी लागते. शेवटी उजेड चांगला म्हणून साडू गॅलरीत गेले आणि तिसऱ्या मजल्यावरून मान हलवत, डोळे मिचकावत वीस मिनिटं हसत राहिले. समोरच्या इमारतीतल्या चौघांनी हात हलवला, एका बाईंनी खिडकी लावून घेतली, आणि त्या एका संध्याकाळी साडूंची ओळख जितक्या लोकांना पटली तितकी एकतीस वर्षांच्या नोकरीत पटली नव्हती.

मग सहा आकड्यांचा संकेतांक आला. तो ताईंच्या फोनवर आला, कारण साडूंच्या सगळ्या कागदांवर नंबर ताईंचाच होता. ताईंनी मशीनवरून न उठता आवाज दिला, "अहो, चार सात शून्य शून्य एक नऊ. आणि खाली लिहिलंय, हा कोणालाही सांगू नका."

हे ऑफिसचं काहीतरी आहे, असं साडूंनी सांगितलं. ताई म्हणाल्या, "बरं." ज्यांनी ताईंचं 'बरं' ऐकलंय त्यांना मी पुढे काही सांगायला नको.

खरेदी झाली. (रक्कम किती हा साडूंचा खासगी प्रश्न आहे, पावतीची प्रत माझ्याकडे जरा फिकट निघाली.) पण कंपनीला सगळं माहीत आहे ही गोष्ट साडूंना खुपत होती. तेव्हा मोबाइलच्या दुकानदाराने त्यांना दुसरा मार्ग दाखवला. ते चलन कंपनीकडून काढून फोनमधल्या स्वतःच्या पाकिटात ठेवायचं. या पाकिटाला कंपनी नाही, ऑफिस नाही, तक्रारखिडकी नाही. पाकीट फक्त बारा शब्द देतं. यंत्र ते आपल्या मनाने निवडतं, मराठीतूनही देतं. फोन हरवला, बिघडला, तर हे बारा शब्द क्रमाने भरले की पाकीट दुसऱ्या फोनवर उघडतं. ज्याच्याकडे शब्द त्याचं पाकीट. शब्द गेले तर पाकीट कोणाचंच नाही.

सामान्य माणसाने ते शब्द कागदावर लिहून कपाटात ठेवले असते. साडू सामान्य नव्हते. जो एकटा सगळं जाणतो तोच पेपर फोडतो, हे त्यांनी एकतीस वर्षं पाहिलं होतं, आणि हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला. फोनच्या पडद्यावर जाड पुठ्ठा धरून ते एक एक शब्द उघडत गेले, अर्थाकडे लक्ष न देता अक्षर अक्षर उतरवत गेले, आणि प्रत्येक चिठ्ठी पालथी करून कापडी अस्तराच्या खाकी लिफाफ्यात घालत गेले. लिफाफ्यावर क्रमांक, जोडावर सही, सहीवर लाख, लाखेवर पितळी शिक्का. काम संपलं तेव्हा बारांतला एकही शब्द साडूंना माहीत नव्हता. गुपित राखण्याच्या इतिहासात इतकं निर्दोष काम मी पाहिलेलं नाही.

मग ते बारा लिफाफे बारा विश्वासू नातेवाइकांना एकेकटं गाठून देण्यात आले. सूचना तोंडी होती: हे माझं अत्यंत खासगी आहे, उघडायचं नाही, मी मागेन तेव्हा परत द्यायचं. कोणाकडे काय आहे, किती जणांकडे आहे, हे कोणालाच सांगितलं नाही. सातवा लिफाफा माझ्याकडे आला.

मी नंतर माहिती काढली. बारापैकी बारा लिफाफे उघडले गेले. उघडण्यास लागलेला सरासरी वेळ एक तास चाळीस मिनिटं. (माझ्या बाबतीत थोडा जास्त, कारण दुकानात गिऱ्हाईक होतं.) आत प्रत्येकाला साडूंच्या रेखीव अक्षरात फक्त एक शब्द मिळाला.

साडूंच्या चुलतभावाला, जे मोटार चालवायला शिकवतात, 'गाढव' हा शब्द मिळाला. साडूंच्या सासूबाईंना 'ओझं' मिळालं. नोकरीच्या शोधात नऊ वर्षं काढलेल्या मेहुण्याला 'आळस'. विहीणबाई आठ दिवसांसाठी म्हणून येऊन पाचव्या आठवड्यात होत्या, त्यांच्या लिफाफ्यात 'पाहुणा' निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या गेल्या. दातांचे डॉक्टर असलेल्या जावयांना 'दरोडा' आणि गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या धाकट्या बहिणीला 'कावळा'. वकील पुतण्याला 'ढोंग' मिळालं. त्याने नोटिशीचा मसुदा केला, पण शब्दाचा दावा खोटा ठरवायचा कसा हे त्याला सुचेना. थोरल्या भावांना 'शिडी' मिळाली. साडूंना शिकवण्यासाठी त्यांनी स्वतःचं शिक्षण सोडलं होतं. त्यांनी तो कागद लॅमिनेट करून ठेवला, आणि तो अपमान समजून की आभार समजून, हे ते आजही सांगत नाहीत.

आत्यांचं वय ब्याऐंशी. त्यांना 'भूत' मिळालं. खूश झालेल्या त्या एकट्याच.

व्याह्यांना 'लिंबू' मिळालं. ते चार दिवस जेवले नाहीत. बाकीच्यांना निदान कशाचा राग धरायचा ते कळलं होतं.

आमच्या हिला 'कुलूप' मिळालं. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सर्वश्रुत आहे. तिने तो सल्ला मानला आणि जेवणापासून चहापर्यंत एक अक्षर बोलली नाही. नंतर उठून सरळ ताईंकडे गेली.

बाकीचेही गेले. इतक्या विश्वासाने, मोहोर लावून, आपल्याबद्दलचं खरं मत कळवणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. ते खासगी होतं ना. पण त्याच्या बायकोला तर विचारता येतं. तेव्हा एकेक जण वेगवेगळ्या दिवशी फॉल-बिडिंगचं निमित्त काढून बोळात आला, "तुला म्हणून सांगतो" असं म्हणाला, आणि क्रमांकासकट शब्द सांगून गेला. ताई दरवेळी म्हणाल्या, "बरं."

साडूंना यातलं काही कळलं नाही. ते त्या आठ महिन्यांत इतके सुखी होते, की एकदा रस्त्यात शीळ घालताना दिसले.

निवृत्तीला तीन आठवडे असताना त्यांनी कुठेतरी वाचलं, की फोन आपलं बोलणं ऐकतो आणि आपल्याला पाहतो. त्यांनी तत्काळ उपाय केला. फोनच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर लाख लावली, ऐकण्याच्या भोकांवर लाख लावली, खबरदारी म्हणून चार्जिंगच्या भोकातही लावली आणि शिक्के मारले. त्यानंतर फोनने काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही आणि दोन दिवसांनी तो कायमचा बंद पडला. मोबाइलच्या दुकानदाराने फोन पाहिला, साडूंना पाहिलं आणि पैसे घेतले नाहीत.

साडू माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. चेहरा उतरलेला. मी म्हटलं, लिफाफे आहेत ना, गोळा करा.

"करीन हो गोळा," ते म्हणाले. "पण त्यातला एक जरी फुटलेला निघाला तर? खोली गेली तरी चालेल मला. पण एकतीस वर्षं..."

मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. माझ्या ड्रॉवरमध्ये सातवा लिफाफा पडला होता, कात्रीने सरळ कापलेला. शेवटी रविवारी सगळीकडे जाऊन येतो, असं म्हणून ते उठले.

हे मी फक्त आमच्या हिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई दुकानात आल्या आणि शटर अर्धं खाली ओढायला लावलं. त्यांच्या हातात मापांची वही होती.

"भाऊजी, तुमचा शब्द द्या. सातवा. बाकीचे आहेत माझ्याकडे."

त्यांनी वही उघडून दाखवली. प्रत्येक नातेवाइकाच्या पानावर मापांखाली क्रमांक आणि शब्द लिहिलेला होता. छाती बेचाळीस, बाही तेवीस, दोन, गाढव. बारांपैकी मी एकटाच ताईंकडे गेलो नव्हतो. दिलेला शब्द पाळणारा माणूस म्हणून आमच्या नात्यात माझं जे नाव आहे, ते यामुळे. (माझा शब्द असा होता की मी तो बोलून दाखवला नसता, हे निराळं.)

मी म्हटलं, ताई, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तर त्यांना सांगून टाका ना, घरबसल्या पाकीट उघडेल.

"नाही," ताई म्हणाल्या. "त्यांना एकदा मला काहीतरी सांगायचंय. सांगू दे ना त्यांना."

मी चिठ्ठी दिली. ती वाचून ताई हसल्या, म्हणाल्या, "यंत्र हुशार आहे," आणि कामाला लागल्या.

तीन दिवस दुपारी एक ते चार, साडू ऑफिसात असताना, बोळात गोपनीय शाखेची एक उपशाखा चालली. खाकी लिफाफे माझ्या दुकानातले. चिठ्ठ्या बहुतेकांनी पुरावा म्हणून जपलेल्या होत्या. तीन जाळलेल्या होत्या, त्या मी साडूंच्या वळणाने लिहिल्या. लॅमिनेट केलेली मी वाफेवर सोडवली. लाख आणि शिक्का कपाटात स्वेटरांच्या मागे होता, ही जागा घरात सर्वांना माहीत होती. लाख ताईंनी इस्त्रीवर वितळवली. जोडावरच्या सह्यांबाबत अधिक बोलणं प्रशस्त होणार नाही.

मग ताईंनी अकरा जणांना निरोप धाडला, की शब्द यंत्राने निवडले, त्यात कोणाचा अपमान नव्हता. हे कोणालाही पटलं नाही. चुलतभाऊ म्हणाले, "असेल यंत्र. पण त्याला माझ्याबद्दल कळलं कसं?" तरी लिफाफे सर्वांनी मुकाट्याने परत ठेवून घेतले. ताईंच्या वहीत प्रत्येकाचं आणखीही बरंच काही लिहिलेलं होतं, आणि ते प्रत्येकाला ठाऊक होतं.

रविवारी साडू भिंग घेऊन निघाले. प्रत्येक घरी उभ्यानेच लाख तपासली, शिक्क्याची कड पाहिली, सही उजेडात धरली. शेवटी माझ्याकडे आले. सातवा लिफाफा पाहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"बारापैकी बारा," ते म्हणाले. "माणसं चांगली असतात हो." आणि माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, ते रडले. मी त्यांच्यासाठी चहा मागवला. दुसरं काय करणार.

नव्या फोनवर पाकीट उघडलं. आत भाव एवढा घसरला होता की खोलीच्या रकमेत एक दार, एक चौकट आणि प्लायवूडची दीड भिंत बसत होती.

निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्या बाहेरच्या खोलीत जमलो होतो. साडू हार हातात घेऊन बोळात गेले. सासूबाईंपासून वकील पुतण्यापर्यंत सगळ्यांनी बोळाकडे कान लावले.

"तुला एक सांगायचंय," साडू म्हणाले. "तुला माहीत नाहीये."

ताईंनी मशीनवरचा पाय काढला. "काय?"

साडूंनी सगळं सांगितलं. पाकीट, लिफाफे, लाख, फोन, दार. अर्धा तास सांगत होते. ताई योग्य जागी "अगंबाई" म्हणाल्या, दोनदा "आणि मग?" म्हणाल्या, आणि दाराचं ऐकल्यावर त्यांनी तोंडाला पदर लावला. हा अभिनय होता असं मला तेव्हा वाटलं होतं. आता तशी खात्री नाही.

दार बसलं आहे. दीड भिंतीमुळे खोली अजून पूर्ण बंद होत नाही, पण लोक दार वाजवूनच आत जातात, आणि दार आहे म्हटल्यावर जरा जास्तच मोकळं बोलतात. साडू आता रोज तिथे बसून ताईंना हकिगती सांगतात. त्या बहुतेक ताईंना माहीत असतात.

हा सगळा खासगी मामला मी तुम्हाला विश्वासाने सांगितला. बारांपैकी अकरा शब्दही सांगितले, कारण पाकीट रिकामं झालंय असं साडू म्हणतात. सातवा मी सांगणार नाही. आणि एक विचारतो, राग मानू नका. मी इतका वेळ एका नवराबायकोची गोष्ट सांगत होतो, तेव्हा तुम्ही बोटांवर काय मोजत होता?